आंबट वास

१० नोव्हेंबर

आज महाप्याला समितीची पहिली बैठक झाली. बायको, उज्वला, माझं निम्मं ऐकते आणि उरलेलं भाजी निवडताना सोडून देते, म्हणून इथे लिहितोय.

देशभरच्या संग्रहालयांत आणि ग्रंथालयांत जुन्या वस्तू सडत पडल्यात. कुठे पोथ्यांना वाळवी, कुठे फिल्मा चिकटल्या, कुठे मूर्तींचे रंग सुटले. त्या तपासायची यंत्रं मात्र चार ठिकाणी विखुरलेली, आणि ज्याच्याकडे यंत्र आहे तो दुसऱ्याला हात लावू देत नाही. म्हणून सगळ्यांसाठी एकच सामायिक केंद्र उभं करायचं, असं दिल्लीला ठरलं. जागा महाप्याच्या एका सरकारी इमारतीत, वरचे दोन मजले. केंद्र कसं चालेल, कोणाची वस्तू कधी घ्यायची, याचे नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं. संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत जन्म गेला आणि निवृत्तीनंतर मुक्काम घणसोली गावात. महाप्याच्या इतक्या जवळचा रसायनशास्त्रज्ञ त्यांना दुसरा सापडला नसावा.

अध्यक्ष डॉ. राजवर्धन. कोल्हापूरकडचे, उंचेपुरे, बोलण्यात मिठ्ठास, स्वतःच्या संग्रहालयाचे संचालक. सगळे सदस्य दिवसभर 'सामायिक, सामायिक' म्हणत होते आणि प्रत्येकाला यंत्र आपल्याच गावी हवं होतं. चहाच्या वेळेला तर दोघे भांडलेच.

घरी येऊन उज्वलाला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे आपल्या गावकीची भांडीच ना ती? मंग त्यान येवरं काय समिती न् बिमिती?"

मी हसलो. राष्ट्रीय केंद्र कुठे आणि सगळ्या गावाने कार्याला वापरायचे सामायिक टोप-पराती कुठे.

१५ नोव्हेंबर

नियमांचा पहिला मसुदा झाला. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण झकास झालाय.

कलम दोन: वस्तूला राष्ट्रीय महत्त्व असलं पाहिजे, आणि ते तज्ज्ञांच्या दाखल्याने सिद्ध झालं पाहिजे. कलम सहा तर माझं लाडकं: समितीच्या किंवा केंद्राच्या माणसांच्या नात्यागोत्यातली वस्तू घ्यायची नाही. वशिलेबाजी मुळातूनच छाटली. राजवर्धन म्हणाले, "दिनानाथ, हे कलम वाचून माझ्या मेहुण्याचं तोंड पडणार." म्हणजे कलम बरोबर जागी लागलंय.

कार्यालयात मदतीला मैत्री नावाची मुलगी नेमलीय. कंत्राटावर आहे. तळवलीला राहते, म्हणजे आमच्या शेजारचीच. जुने आवाज वाचवायचं शिक्षण घेतलंय तिने. टेपा, तबकड्या, सगळं. बोलते कमी, काम चोख. दुपारी तिला जुन्या फिल्मा आणि टेपांबद्दल चांगलं तासभर सांगितलं. त्या मरायला लागल्या की त्यांना आंबट वास सुटतो, शिरक्यासारखा. मग त्या आक्रसतात, ठिसूळ होतात आणि एक दिवस नुसता भुगा हातात येतो. "यंत्राची गरज नाही," मी म्हटलं, "मी नाकाने ओळखतो. दारातूनच."

तिला हे आधीच ठाऊक असणार, पण तिने मान लववून ऐकून घेतलं. संस्कार चांगले आहेत.

२२ नोव्हेंबर

मैत्री हुशार आहे यात शंका नाही. आज माझ्या नियमांना तिने असं काही घुसळलं की मजा आली.

"सर, समजा एखाद्या घरात आजोबांच्या गाण्याची एकच टेप आहे. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. फोटोसुद्धा एकच आहे. ती टेप खराब होत चाललीय. ती आपल्याकडे येऊ शकेल?"

"आजोबा नावाजलेले होते का?"

"नाही. तुर्भ्याच्या खदानीत होते. संध्याकाळी जलशात गायचे."

"मग राष्ट्रीय महत्त्वाचा दाखला कोण देणार?"

तिने पेनाला टोपण लावलं. "आणि सर, समजा ती टेप आपल्या ऑफिसातल्याच कोणाच्या घरची असली तर?"

"तर मग प्रश्नच मिटला. कलम सहा!"

मी टेबलावर हात आपटून हसलो. ती पण हसली, जरा उशिरा. नियम लिहिणाऱ्याला असं कोणीतरी आडवी उदाहरणं घालणारं हवंच. उद्या राजवर्धनना सांगणार आहे की या मुलीला कायम करा.

४ डिसेंबर

दिल्लीहून यंत्रांची यादी आली. काही यंत्रं सदस्य संस्थांकडून चाचणीपुरती उसनी मिळणार आहेत. जुन्या टेपा वाचायचं यंत्र सगळ्यात आधी पोचलं. मैत्रीने ते लहान मुलाला अंघोळ घालावी तसं पुसून ठेवलं. जानेवारीत एक वस्तू घेऊन चाचणी करायची आहे. कुठली ते पुढच्या बैठकीत ठरेल.

आज कार्यालयात सकाळपासून काहीतरी आंबट वास येत होता. शोधता शोधता मैत्रीच्या पिशवीपाशी पोचलो. म्हटलं, "अगं, डबा कालचा आणलास का? लोणच्याला पाणी सुटलंय बघ. टाकून दे, पोट बिघडेल." ती गोरीमोरी झाली. पिशवी उचलून बाहेर गच्चीत ठेवून आली. पोरीला उगाच चारचौघांत बोललो. घरचं लोणचं असेल, वाईट वाटलं असेल तिला. तरुण मुली एकट्या कमावतात, घरातलंही बघतात, स्वयंपाकाला वेळ कुठून आणणार.

संध्याकाळी ती म्हणाली, "सर, आम्लाची एक पट्टी घेऊ?"

"घे की. शिकायला हवंच."

६ डिसेंबर

कार्यालय बंद. मैत्री काल म्हणाली होती की आज आजीला घेऊन चैत्यभूमीला जाणार. गर्दीत आजीला सांभाळून ने म्हटलं.

९ डिसेंबर

आम्लाच्या पट्ट्या टाकाऊ निघाल्या. या निळ्या कागदाच्या पट्ट्या टेपेसोबत डब्यात ठेवायच्या असतात. टेप आंबायला लागली असेल तर पट्टी हिरवी होते, आणि अगदीच शेवटाला आली असेल तर पिवळी. आज कचऱ्याच्या डब्यात एक पट्टी सापडली, पिवळीधम्मक! आपल्याकडे अजून एकही टेप आलेली नाही, मग पट्टी पिवळी कशाने झाली? पुरवठादाराला फोन करून चांगला झापला. तो म्हणत होता माल ताजा आहे. असं तर सगळेच म्हणतात.

मैत्रीला विचारलं, तर म्हणाली, "पट्ट्या चांगल्या आहेत, सर." आता ती पुरवठादाराची बाजू का घेते, देव जाणे.

१४ डिसेंबर

काल पुतण्याची, रोहनची, हळद झाली. गल्लीत मांडव, डीजे, मटणाचा वास पार स्टेशनपर्यंत. गावकीची सगळी भांडी आमच्याकडे होती. भावाने तुळशीचं लग्न लागल्या लागल्या सांगून ठेवलं होतं.

दुपारी चारला मागच्या चाळीतला एक भाडेकरू वारला. एकटाच राहायचा. कुठल्या गावचा, नक्की कोणाला ठाऊक नाही. कोणी म्हणे जालन्याचा. आमच्या गल्लीत त्याचं कोणाशी पटत नव्हतं. पाण्यावरून तर रोज वाद. पण बातमी आली आणि दोन पोरं सरळ मांडवात शिरली. भाताचा मोठा टोप उचलून निघाली. भाऊने स्वतः टोपाचा एक कान धरला. मी विचारलं, "अरे, भात कशात करायचा?"

भाऊ म्हणाला, "बघू. तिकरं पानी तापवाला टोप नको? मयत झालाय."

"पण तो आपला कोन होता?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी चप्पल घालून देवळात शिरलोय. 

भात तीन घरांतल्या छोट्या पातेल्यांत शिजला आणि जरा लागला. पाहुण्यांनी नाकं मुरडली. डीजे बंद ठेवला. नवरदेवाने तासभर तोंड फुगवलं आणि मग तोच तिरडीला हात लावायला गेला. मी दमून झोपलो. हळदीचं हे असं का लिहून ठेवतोय, मलाच कळत नाही. भात लागला म्हणून असेल.

१९ डिसेंबर

मैत्रीने राजीनामा दिला. दोन ओळी, कारण 'घरगुती'. मी तिच्या समोर बसलो, दुसरीकडे चांगलं मिळालंय का विचारलं. नाही म्हणाली. मी काही बोललो का लागेल असं, विचारलं. "नाही सर, तुम्ही कशाला." मग जाताना मागे वळून म्हणाली, "सर, आता मी ऑफिसची माणूस नाही ना? कागदोपत्री?"

म्हटलं, नाही. मला राग आला होता. कागदोपत्रीची पडलीय हिला, माणसाची किंमत नाही. कायम करायला मी राजवर्धनना गळ घातली होती, तेही सांगितलं नाही. सांगून काय उपयोग.

टेपेच्या यंत्रावर तिने स्वतःची ओढणी झाकून ठेवलीय. न्यायची विसरली.

२८ डिसेंबर

हे नीट लिहायला हवं.

उज्वला रोज डोकं खात होती, "पोर आशी निंगून गेली न् तुमी साधा जाऊन बगला बी नाय." शेवटी आज तिने वालाच्या शेंगा आणि ओढणी पिशवीत घालून मला घराबाहेर काढलं. तळवलीला मैत्रीचं घर शोधायला वेळ लागला नाही. तिसऱ्या मजल्यावर खोली आणि स्वयंपाकघर. दार तिच्या आजीने उघडलं. भिमाबाई. वाकलेल्या, पण डोळे तरतरीत.

"या, बसा. तुमी पोरीचे सायब न्हवं का? पोरगी दळान आनाया गेलीय, येईलच."

मी उंबऱ्यावरच थांबलो. घरात तोच वास होता. आंबट. इथे डबा नव्हता, लोणचं नव्हतं, चूलही बंद होती. मी त्या वासात उभा राहिलो आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. पिशवी. पट्टी. खदानीतले आजोबा. कलम सहा.

दारातूनच नाकाने ओळखतो म्हणे मी!

भिमाबाईंना म्हटलं, "आजी, टेप कुठंय?"

त्यांना नवल वाटलं नाही. भिंतीवर बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली त्यांच्या मालकांचा, मारोतींचा, एकुलता एक फोटो होता. त्याखालच्या फळीवरून त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत कापूर, डांबराच्या गोळ्या आणि टेपेचं एक रीळ. "किडं लागू न्हाई म्हनून घट झाकून ठिवलं," त्या म्हणाल्या. बिचाऱ्या. घट्ट झाकल्यानेच ती स्वतःच्या वासात लवकर मरत होती. मी रीळ खिडकीशी धरलं. उजेड तपकिरी होऊन आरपार आला. जी टेप अशी उजेड सोडते, तीच आंबते. कडा झालरीसारख्या मुरडल्या होत्या.

"युनियनचा एक मानूस मशीन घिऊन आला व्हता. झोपडपट्टीत सगळी गोळा झाली. त्येच्यावर ह्यांनी गायलं. मशीन घिऊन त्यो गेला आन ही चकती दिऊन गेला. तवापासून कवा ऐकलंच न्हाई. वाजवायचं कशावर?"

"तुम्हीही गायचात का आजी, जलशात?"

"म्या कशाची! मला गान्यातलं काई कळत न्हाई. ते गायाचे, म्या भाकरी थापायची."

मैत्री आली. मला आणि माझ्या हातातल्या रिळाला बघून दारातच उभी राहिली. मी म्हटलं, "अगं, मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं होतं ना सर," ती म्हणाली. "समजा म्हणून."

मला लाज वाटली. साठीच्या माणसाला वाटू नये इतकी.

"आणि नोकरी सोडलीस ती?"

"मी ऑफिसात असेपर्यंत आजीचा अर्ज घेताच आला नसता. नियम चांगला आहे सर. मलाच टाइप करायला दिला होतात."

ती टोमणा मारत नव्हती, तेच जास्त लागलं. डब्याचं झाकण काढून टाका, रीळ मोकळ्या हवेत ठेवा, एवढं सांगून निघालो. उन्हाळा लागला की संपलं, हे तिलाही कळत होतं. भिमाबाईंनी जाताना विचारलं, "वाजंल का वो सायेब?" मी काहीतरी पुटपुटलो.

२९ डिसेंबर

उज्वलाला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, भाजी न निवडता. मग म्हणाली, "मयताला टोप देताना कोन ईचारतं काय, कोनाचा म्हनून?"

हे तिने दहा नोव्हेंबरलाच सांगितलं होतं. मी हसलो होतो.

९ जानेवारी

बैठक. चाचणीला पहिली वस्तू कुठली घ्यायची, यावर सकाळचा सगळा वेळ गेला. राजवर्धनना त्यांच्या संग्रहालयातली सोनेरी रंगाची पोथी हवी होती. त्यांचंही चूक नाही. दिल्लीला दाखवायला ती छान दिसली असती, आणि दिल्लीला आवडल्याशिवाय केंद्र पुढे सरकणार नाही.

मी उभा राहिलो.  समितीत कोलकात्याचे आहेत, चेन्नईचे आहेत, म्हणून हिंदीत बोललो, पण 'गावकी' आणि 'मयत' हे शब्द तसेच ठेवले. मांडवातून टोप कसा उचलून नेला ते सांगितलं. म्हटलं, पोथीची हळद आहे, ती थाटात करू. पण तळवलीला एक टेप मरायला टेकलीय, तिला मशीन आधी द्यायचं. मग सरळ सांगून टाकलं की ही टेप आपल्याकडे काम करत होती त्या मैत्रीच्या आजीची आहे, गाणारा माणूस कोणाला ठाऊक नाही, दाखला मिळणार नाही, आणि मी ती दोनदा नाकाखालून जाऊ दिली.

 राजवर्धन मसुदा चाळत होते. "कलम सहा तुम्हीच लिहिलंय, दिनानाथ."

"हो. मीच काढतो."

"काढू नका. चांगलं कलम आहे, माझ्या मेहुण्यासाठी तरी राहू दे. खाली एक ओळ वाढवा. काय म्हणालात तुम्ही, त्या टोपाचं?"

मी तिथेच लिहिलं: 'जी वस्तू मरायला टेकली आहे तिला आधी. ती कोणाची, किती मोठी, हे त्या वेळी विचारायचं नाही.' चेन्नईच्या बाई म्हणाल्या, मरायला टेकली म्हणजे कशी, हे नाकावर सोडू नका, पट्टीचा रंग लिहा. सगळे हसले. मी पण. लिहिलं.

पोथी मागे पडल्याचं राजवर्धनना लागलं असेल, दाखवलं नाही. कागद आवरता आवरता एवढंच म्हणाले, "ते यंत्र तुम्हाला चालवता येतं?"

"नाही."

"मला पण नाही. मग त्या मुलीला आधी परत आणा. राजीनाम्यावर मी अजून सही केलेली नाही."

घरी येताना पुरवठादाराला फोन केला. म्हटलं, पट्ट्या चांगल्या होत्या. तो घाबरला, त्याला वाटलं आता नवीन काय.

२५ जानेवारी

आज वाजली.

मैत्री आठवडाभर त्या रिळाशी झटत होती. टेप दोनदा तुटली, तिने जोडली. एकदाच वाचता येईल, आणि तेही अगदी हळू, असं म्हणाली. वाचताना टेपेचा थर भुरुभुरु गळत होता, आणि मला ते बघवेना म्हणून मी बाहेर जाऊन उभा राहिलो. पण आवाज उतरला. सगळा नाही, एका गाण्यापुरता. टेप आता कामाची नाही, आवाज मात्र हवा तितक्या वेळा लावता येतो.

आज भिमाबाईंना आणलं. उज्वलाही आली, तिला कोणी बोलावलं नव्हतं. राजवर्धन मागे भिंतीला टेकून उभे. भिमाबाई खुर्चीवर न बसता पुढे सरकून उभ्या राहिल्या, स्पीकरकडे तोंड करून, जसं कोणाच्या घरी जाऊन दारात उभं राहावं.

आधी खरखर. मग ढोलकी, आणि मग मारोती. मी मनात बारीक, थकलेला आवाज धरून बसलो होतो. हा तर चांगला खणखणीत, हसरा. पाण्याचं गाणं होतं. भिमाबाईंनी पदर तोंडावर घेतला. मैत्री आजीकडे बघत होती आणि मी मैत्रीकडे.

दुसऱ्या कडव्यात मारोतींनी 'आड' म्हटलं आणि त्याच क्षणी एक बाई मधेच मोठ्याने ओरडली, "आड न्हाई वो, तळं! तळं म्हना!" सगळी माणसं हसली, ढोलकी अडखळली, मारोतीही हसले. ती बाई थांबलीच नाही. सबंध ओळ तिने स्वतः गाऊन दाखवली, त्यांच्याहून वरच्या पट्टीत, एक शब्द न चुकता. मग मारोतींनी ती तिच्यामागून म्हटली.

भिमाबाईंनी पदर काढला. चांगल्याच वैतागल्या होत्या. "ही कोन बया मधी मधी बोलतीया? गाऊ द्यावं की मानसाला!"

मैत्रीने आवाज थांबवला. तिला हसू येत होतं आणि डोळे भरून वाहत होते.

"आजी," ती म्हणाली, "तूच आहेस ती."

"हाट्. म्या कशाची."

"तूच. तळं म्हणतेस बघ, अजून तसंच म्हणतेस."

भिमाबाई स्पीकरकडे बघत राहिल्या. मग हात पुढे करून त्यांनी नातीला खूण केली.

"लाव पुन्हा," त्या म्हणाल्या. "ह्यांचं म्या लई ऐकलं. त्या बाईचं लाव."